धाकटी सोपी, थोरली अवघड
(दोन वीस अंकी संख्यांची ओळख)

विद्यार्थी मित्रांनो, पुढे दिलेल्या दोन संख्या नीट पाहा.

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५
१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७

दोन्ही संख्या वीस अंकी आहेत, दोन्ही विषम आहेत. पहिले एकोणीस अंक तर हुबेहूब सारखे आहेत. फरक आहे तो फक्त एकम स्थानच्या अंकाचा. पहिलीत २ मिळवले की दुसरी मिळते. सोयीसाठी आपण पहिलीला 'धाकटी' आणि दुसरीला 'थोरली' म्हणू.

या दोन्ही संख्यांचे मूळ अवयव पाडा, असे कोणी तुम्हांला सांगितले तर? दोन्ही उदाहरणे सारखीच अवघड वाटतील. पण तसे नाही. धाकटीचे अवयव नववीतील विद्यार्थी कागद-पेन्सिल घेऊन, एका पायरीचा अपवाद सोडला तर, पंधरा मिनिटांत पाडू शकेल. थोरलीचे अवयव मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगात कोणालाही ठाऊक नव्हते. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना संख्यांविषयी एक मोलाची गोष्ट आपल्या हाती लागेल.

धाकटी आली कोठून?

बुद्धिबळाच्या पटाची दंतकथा तुम्ही ऐकलीच असेल. खेळ शोधून काढणाऱ्या शहाण्याला राजाने बक्षीस मागायला सांगितले. त्याने पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, चौथ्यात ८, याप्रमाणे प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट दाणे मागितले. तेराव्या शतकातील इब्न खल्लिकान याच्या चरित्रकोशात ही कथा आढळते. कथा खरी असो वा नसो, गणित खरे आहे.

छपाईच्या सोयीसाठी '२ चा ६३ वा घात' आपण २^६३ असा लिहू. मग पटावरील एकूण दाणे असे होतील :

बेरीज = १ + २ + ४ + ८ + ... + २^६३

ही भूमिती श्रेढी आहे. तिची दुप्पट करू :

दुप्पट बेरीज = २ + ४ + ८ + ... + २^६३ + २^६४

दुसऱ्या ओळीतून पहिली ओळ वजा केली की मधली सारी पदे उडून जातात आणि उरते

बेरीज = २^६४ − १.

हीच आपली धाकटी. आणि थोरली म्हणजे २^६४ + १. दोघींच्या मधोमध २^६४ ही सम संख्या बसलेली आहे.

२^६४ काढण्यासाठी चौसष्ट वेळा दुप्पट करीत बसावे लागत नाही. २ चा वर्ग ४, ४ चा वर्ग १६, १६ चा वर्ग २५६, २५६ चा वर्ग ६५,५३६, त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ आणि त्याचा वर्ग म्हणजेच २^६४. सहा वेळा वर्ग केला की काम झाले. इसवी सन १००० च्या सुमारास अल्-बिरुनी या विद्वानाने पटावरचे दाणे मोजताना वर्ग करण्याचीच युक्ती वापरली होती. ही युक्ती ध्यानात ठेवा. पुढे ती उलट्या दिशेने उपयोगी पडणार आहे.

धाकटी किती मोठी आहे? भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एक, दश, शत असे करीत परार्धापर्यंत अठरा स्थाने दिली आहेत. आपली संख्या वीस अंकी असल्यामुळे परार्धालाही ओलांडून जाते. ती १८४ परार्धांहून अधिक आहे. गव्हाचा एक दाणा सुमारे ४० मिलिग्रॅम वजनाचा धरला, तर इतक्या दाण्यांचे वजन सुमारे ७४ हजार कोटी टन भरेल. २०२० नंतरच्या वर्षांत साऱ्या जगात मिळून वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकत आला आहे. म्हणजे त्या शहाण्याचे बक्षीस पुरे करायला जगाचा नऊशे वर्षांहून अधिक काळचा गहू लागेल!

आजच्या संगणकांशीही धाकटीचे नाते आहे. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, ती लिहिली तर ओळीने चौसष्ट वेळा १ येतो. म्हणून चौसष्ट द्विमान स्थानांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या हीच होय.

पाहताक्षणी काय कळते?

आता अवयवांकडे वळू. एकम स्थानी ५ आहे, तेव्हा धाकटीला ५ ने भाग जातो. हा ५ आपण संख्या न पाहताही सांगू शकलो असतो. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ या क्रमाने फिरत राहतात. ६४ ला ४ ने भाग जातो, म्हणून २^६४ च्या शेवटी ६, आणि त्यातून १ वजा केल्यावर ५.

धाकटीच्या अंकांची बेरीज करा. ती ८७ येते. ८७ ला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. तेव्हा धाकटीलाही ३ ने भाग जातो, ९ ने नाही.

इथवर शाळेतल्या कसोट्या पुरल्या. पुढे काय? एकेक संख्या घेऊन भाग देत जावे, तर संख्येच्या वर्गमुळापर्यंत जावे लागेल. आपल्या संख्यांचे वर्गमूळ सुमारे ४२९ कोटी आहे. दर मिनिटाला एक भागाकार या वेगाने, रात्रंदिवस न थांबता बसलो, तरी ४२९ कोटी भागाकारांना आठ हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. अर्थात काही भागाकार गाळता येतील, पण नुसत्या चिकाटीने हे काम उरकणारे नाही, हे उघड आहे.

वर्गांतराची किल्ली

म्हणून संख्येच्या अंकांकडे पाहणे सोडा आणि तिच्या घडणीकडे पाहा. धाकटी म्हणजे २^६४ − १. आणि २^६४ हा २^३२ चा वर्ग आहे. बीजगणितातले वर्गांतराचे सूत्र आठवा :

अ^२ − १ = (अ − १)(अ + १)

येथे अ = २^३२ घेतला की

२^६४ − १ = (२^३२ − १)(२^३२ + १)

एका फटक्यात संख्येचे दोन तुकडे झाले. पैकी पहिला तुकडा पुन्हा त्याच रूपाचा आहे. त्यालाही तेच सूत्र लावा. नंतर २^१६ − १, मग २^८ − १, मग २^४ − १ आणि २^२ − १. शेवटी २ − १, म्हणजे १ उरतो. अल्-बिरुनीच्या वर्गांच्या पायऱ्या आपण उतरून आलो. सारे एकत्र मांडू :

२^६४ − १ = (२ + १)(२^२ + १)(२^४ + १)(२^८ + १)(२^१६ + १)(२^३२ + १)
= ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

३, ५ आणि १७ या मूळ संख्या आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे. २५७ चे वर्गमूळ १६ च्या किंचित पुढे आहे. २, ३, ५, ७, ११ व १३ यांनी भाग देऊन पाहा, एकानेही जात नाही. ६५,५३७ हीदेखील मूळ संख्या आहे. ती कमी कष्टात कशी तपासावी, हे लेखाच्या शेवटी दिले आहे. आता प्रश्न उरला शेवटच्या दहा अंकी संख्येचा. ती मूळ आहे की संयुक्त?

फर्माचे अनुमान

हाच प्रश्न सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ फर्मा याला पडला होता. ३, ५, १७, २५७, ६५५३७ ... या संख्यांना आज 'फर्मा संख्या' म्हणतात. २ चा घात अधिक १ या रूपाच्या संख्या मूळ केव्हा असतील, याचा तो विचार करीत होता. घातांकाला विषम अवयव असेल, तर संख्या लगेच फुटते. उदाहरणार्थ, २^६ + १ पाहा. २^६ म्हणजे ४ चा घन, आणि

अ^३ + १ = (अ + १)(अ^२ − अ + १)

म्हणून ६५ = ५ × १३. तेव्हा ज्या घातांकाला विषम अवयवच नाही, म्हणजे जो १, २, ४, ८, १६, ३२, ६४ ... यांपैकी आहे, तेथेच मूळ संख्या मिळण्याची आशा.

यांतील पहिल्या पाच संख्या मूळ आहेत. १६४० साली लिहिलेल्या पत्रांतून फर्माने असे मत मांडले की, या मालिकेतील सर्वच संख्या मूळ असाव्यात. सिद्धता मात्र त्याच्याजवळ नव्हती. पाच उदाहरणे बरोबर आली, आता सहावे का चुकेल? तुम्हांला आणि मलाही असेच वाटले असते.

जवळजवळ नव्वद वर्षांनी, १७२९ मध्ये, गोल्डबाख याने पत्रातून ऑयलरचे लक्ष या विधानाकडे वेधले. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले की, सहाव्या संख्येला, म्हणजे २^३२ + १ ला, ६४१ ने भाग जातो. अनुमान कोसळले!

६४१ च का?

ऑयलरने ६४१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देण्याची गरज नव्हती. त्याने पुढे सिद्ध केलेला नियम असा : २^३२ + १ च्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागले तर बाकी १ च उरते. (६४ म्हणजे घातांक ३२ ची दुप्पट. मालिकेतील इतर संख्यांनाही असाच नियम लागतो.) गंमत अशी की, या नियमाची सिद्धता फर्माच्याच एका प्रसिद्ध सिद्धांतावर उभी आहे. फर्माचे अनुमान मोडणारे हत्यार फर्माच्याच घरातले होते.

आता ६४ ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या संख्या लिहा : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ ... यांत मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ याच आहेत. पाचव्या प्रयत्नात शिकार सापडते.

प्रत्यक्ष भागाकार न करताही ६४१ ने भाग जातो हे दाखवता येते. ६४१ दोन तऱ्हांनी लिहू :

६४१ = ६४० + १, आणि ६४० = ५ × २^७
६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४

दुसऱ्या ओळीवरून २^४ = ६४१ − ५^४. आता

२^३२ = २^४ × २^२८
= (६४१ − ५^४) × २^२८
= ६४१ × २^२८ − (५ × २^७)^४
= ६४१ × २^२८ − ६४०^४

दोन्ही बाजूंस १ मिळवा :

२^३२ + १ = ६४१ × २^२८ − (६४०^४ − १)

कंसातल्या संख्येला वर्गांतराचे सूत्र दोनदा लावले की ती (६४० − १)(६४० + १)(६४०^२ + १) अशी होते. यात ६४० + १ म्हणजे ६४१ आहेच. तेव्हा उजवीकडच्या दोन्ही पदांना ६४१ ने भाग जातो, म्हणून डावीकडेही जातो. भागाकार ६७,००,४१७ येतो आणि ती मूळ संख्या आहे. धाकटीचे मूळ अवयव आता पुरे झाले :

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

सातही अवयव वेगवेगळे आहेत. विभाजक तयार करताना प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून धाकटीचे एकूण विभाजक २^७, म्हणजे १२८ होतात.

थोरलीचा हट्टीपणा

आता थोरली. २^६४ + १ ही मालिकेतील सातवी फर्मा संख्या. येथे वजाबाकी नाही, बेरीज आहे. तेव्हा वर्गांतराची किल्ली लागत नाही. ६४ ला विषम अवयव नाही, म्हणून घनाच्या सूत्राचाही उपयोग नाही.

मग धाकटीचे अवयव थोरलीला चालतील का? तेही नाही. दोघींना एकाच संख्येने भाग जात असेल, तर त्यांच्या वजाबाकीलाही, म्हणजे २ लाही, त्या संख्येने भाग गेला पाहिजे. पण दोघीही विषम आहेत. म्हणून १ शिवाय त्यांना समान विभाजक असूच शकत नाही. शेजारणी इतक्या जवळच्या, पण एकीच्या घरातली वस्तू दुसरीच्या घरात नाही!

ऑयलरच्या नियमानुसार थोरलीच्या मूळ अवयवाला १२८ ने भागल्यास बाकी १ उरली पाहिजे. ही मदत मोठी खरी, पण किती पुढे जावे लागेल हे आधी कळत नाही. १८५५ मध्ये क्लाउसेन याने गाउसला लिहिलेल्या पत्रात थोरलीचे अवयव दिले होते, पण ते पत्र दीर्घकाळ अज्ञात राहिले. मग १८८० मध्ये, वयाची ऐंशी उलटलेल्या लांद्री या फ्रेंच गणितज्ञाने ते स्वतंत्रपणे शोधून प्रसिद्ध केले :

२^६४ + १ = २,७४,१७७ × ६,७२,८०,४२,१३,१०,७२१

दोन्ही अवयव मूळ आहेत. २,७४,१७७ मधून १ वजा करून १२८ ने भागा, २१४२ येतात. म्हणजे १२९, २५७, ३८५ ... या यादीत हा अवयव २१४२ वा आहे. ऑयलरला यादीत दहाव्या जागी जे सापडले, त्यासाठी येथे दोन हजारांच्या पुढे जावे लागले असते. लांद्रीने आपली रीत सविस्तर प्रसिद्ध केली नाही, त्यामुळे त्याने हे कसे साधले असेल, याचा गणितज्ञांना पुढे शोध घ्यावा लागला.

आठव्या फर्मा संख्येची कथा आणखी नवलाची. २^१२८ + १ ही ३९ अंकी संख्या संयुक्त आहे, हे १९०५ साली मोरहेड व वेस्टर्न यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. पण तिचा एकही अवयव त्यांना सांगता आला नाही! संख्या फुटते हे नक्की, पण कोठे फुटते हे अज्ञात, अशी स्थिती पासष्ट वर्षे टिकली. १९७० मध्ये मॉरिसन व ब्रिलहार्ट यांनी संगणकाच्या साहाय्याने तिचे अवयव काढले. ६५,५३७ नंतर एकही फर्मा संख्या मूळ असल्याचे आजवर आढळलेले नाही.

यातून काय घ्यावे?

संख्या मोठी म्हणून अवघड आणि लहान म्हणून सोपी, असे नसते. ती कशी घडली आहे यावर तिचा सोपेपणा अवलंबून असतो. धाकटीने आपली घडण उघड केली म्हणून ती तुकड्यातुकड्यांनी उकलली. थोरली तिच्याहून अवघ्या दोनने मोठी, पण सूत्राला दाद देईना.

हा अवघडपणा निरुपयोगी नाही. दोन मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या संख्या ओळखणे कठीण. वरचे लांद्रीचे दोन अवयव तुम्ही वहीत दहा मिनिटांत गुणू शकाल. पण ते शोधायला किती काळ गेला पाहा. याच विषमतेचा उपयोग करून १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामिर व एडलमन यांनी गुप्त संदेश पाठवण्याची पद्धत रचली. शेकडो अंकी संख्या वापरणाऱ्या अशा पद्धती पुढे संगणकावरील व्यवहार सुरक्षित ठेवण्यासाठी सर्वत्र वापरात आल्या.

आणि दुसरी गोष्ट. पाच उदाहरणे खरी ठरली म्हणून नियम खरा ठरत नाही. फर्मासारख्या थोर गणितज्ञाचेही अनुमान सहाव्या पायरीवर घसरले. वहीत एखादा सुंदर नियम दिसला, तर आनंद जरूर माना. पण 'सिद्धता कोठे आहे?' हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्वतः करून पाहा

१. ६५,५३७ च्या मूळ अवयवाला ३२ ने भागल्यास बाकी १ उरली पाहिजे. तिचे वर्गमूळ २५६ च्या किंचित पुढे आहे. तेव्हा फक्त दोनच मूळ संख्यांनी भाग देऊन पाहणे पुरे आहे. त्या कोणत्या? बाकी किती उरते?

२. २^२४ − १ चे मूळ अवयव पाडा.

३. ३ × ५, ३ × ५ × १७, ३ × ५ × १७ × २५७ हे गुणाकार करा. प्रत्येक गुणाकार पुढच्या फर्मा संख्येपेक्षा कितीने लहान आहे? असे का?

४. (शिक्षकांनी वर्गात करून घेण्यासाठी) ६७,००,४१७ चे वर्गमूळ सुमारे २५८८ आहे. ६४ ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या, ६४१ ते २५८८ मधील मूळ संख्यांची यादी मुलांकडून करवून घ्यावी. यादीत सातच संख्या येतील. एकेका गटाला एकेक भागाकार वाटून दिल्यास ही संख्या मूळ असल्याची खात्री एका तासिकेत पटते.

उत्तरे : (१) ९७ आणि १९३, बाकी अनुक्रमे ६२ आणि ११०. (२) ३ × ३ × ५ × ७ × १३ × १७ × २४१. (३) प्रत्येक वेळी २ ने. कारण वर्गांतराचे सूत्र. (४) ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३.